चिंचेला पाणी कुणी घालायचं

माझ्या विहीणबाई कस्तुरीताई स्वभावानं चांगल्या आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यावरून ते कुणाला खरं वाटणार नाही.

माझा मुलगा शुभंकर आणि सून मैत्रेयी बंगळुरात सर्जापूर रोडला राहतात, दोघंही आयटीत. नातू ध्रुव आता तीन वर्षांचा होईल. तो झाल्यापासून आमची वाटणी ठरलेली आहे. जून ते नोव्हेंबर मी, नागपूरची, मुलाची आई. डिसेंबर ते मे कस्तुरीताई, निपाणीच्या, मुलीची आई. त्यांच्या सोसायटीत निम्म्या घरांत असंच चालतं. एक आजी बॅग घेऊन लिफ्टनं खाली जाते, दुसरी वर येते. मधले काही दिवस दोघी एकत्र असतात, चार्ज देण्याघेण्यापुरत्या. आमचे हे नागपूर सोडायला तयार नसतात. "तुझा नातू, तुझी बदली," म्हणतात आणि पेपर तोंडासमोर धरतात.

गेल्या दिवाळीत शुभंकर म्हणाला, "आई, हे सहा-सहा महिने ध्रुवला कन्फ्यूज करतंय. जूनपासून एकच काहीतरी पर्मनंट अरेंजमेंट करू."

फोन स्पीकरवर होता आणि पलीकडे निपाणीत कस्तुरीताईही ऐकत होत्या. पर्मनंट म्हणजे दोघींतली एक. कोणती, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. बंगळुरातलं ते घर, ती बाल्कनी, ते पोरगं मला हवं होतं, बाराही महिने.

माझ्याकडे एक चिंच होती. नागपूरच्या गच्चीवर मी कितीतरी वर्षं बोन्साय करते, त्यांतली ही सगळ्यात देखणी. बी रुजवण्यापासून सगळं माझं. खोड मनगटाएवढं जाड आणि उंची जेमतेम वीतभर. गेल्या जूनमध्ये मी ती मांडीवर घेऊन रेल्वेनं बंगळुराला आणली. "बाल्कनीला शोभा येईल," असं सुनेला सांगितलं. शोभा कसली! मी नसताना त्या घरात माझं काहीतरी उभं असावं, ध्रुवनं रोज ते बघावं आणि त्याला माझी आठवण यावी, एवढ्यासाठी सगळा खटाटोप होता.

नोव्हेंबरअखेर निघताना झाडाचा चार्ज कस्तुरीताईंना द्यावा लागला. "पाणी कधी घालायचं ओ ताई?" त्यांनी विचारलं.

"माती कोरडी वाटली की घाला," मी म्हणाले आणि बॅगेची चेन लावली.

ज्यांनी बोन्साय ठेवलंय त्यांना कळेल की मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. वाटली म्हणजे कुणाला? वरची माती की आतली? किती घालायचं, कुठलं घालायचं? मला सगळं माहीत होतं आणि मी मुद्दाम सांगितलं नाही. अडू दे, म्हटलं. अडल्या की माझी आठवण होईल.

दुसऱ्याच संध्याकाळी अडल्या. मी नागपूरला पोचून पाय धुते न धुते तोच फोन. "ताई, पानं मिटली ओ सगळी! सकाळी बरं होतं की झाड. तांब्याभर पाणी घातलं तरी उघडंना. आता काय करू?"

मी हसले. खरं सांगायचं तर फार दिवसांनी मनापासून हसले. "अहो, चिंच आहे ती. संध्याकाळी पानं मिटून झोपते. सकाळी उघडेल. झोपलेल्याला कुणी पाणी पाजतं का?"

"अगं बाई!" त्याही हसल्या. "ध्रुवसारखंच म्हणा की. तो पण आत्ताच झोपला बघा, पायावर घेऊन थोपटलं तेव्हा."

माझं हसू तिथेच थांबलं. माझ्याकडे तो पायावर झोपत नसे. माझ्याकडे तो गोष्ट ऐकत, लोळत, तासभर छळून मग झोपायचा.

पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की प्रश्न पाण्याचा होता आणि त्याच्यासोबत ध्रुवची बातमी फुकट आली होती. मुलगा-सून रविवारी व्हिडिओ कॉल करतात, त्यात पोरगं कॅमेऱ्यासमोरून पळत जातं एवढंच दिसतं. कस्तुरीताईंच्या प्रश्नांत मात्र अख्खा दिवस असायचा. मग मी त्यांच्या फोनची वाट बघू लागले, आणि वाट बघायला लागतेय याचाच राग येऊ लागला.

"ताई, रोज घालू की एक दिवस आड?"

"दिवस मोजायचे नाहीत. बोट मातीत पेराएवढं घालून बघायचं. ओलं लागलं तर थांबायचं, कोरडं लागलं तर घालायचं. ध्रुव काय करतोय?"

"तो पण बोट घालतोय की माझ्यासंगं."

एकदा फोन आला की कुंडीच्या काठाला पांढरं पांढरं धरलंय, बुरशी आहे का? मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, बाई फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून झाडाला घालत होत्या. काटकसर! त्या पाण्यात सगळे क्षार उतरलेले असतात. आधीच त्यांच्या सोसायटीत टँकरचं जड पाणी. मी चांगली झापली त्यांना. पावसाचं उत्तम, ते नसेल तर पिण्याचं घाला म्हटलं. त्या बिचाऱ्या कन्नडात "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत राहिल्या. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

मग वरून घालू की कुंडी पाण्यात बुडवू, हा प्रश्न. मी म्हटलं, एरवी झारीनं वरूनच, खालच्या भोकातून पाणी गळेपर्यंत. माती फारच सुकली असेल तर कुंडी टबात ठेवायची, बुडबुडे थांबले की काढायची. "बुडबुडे!" पलीकडून ध्रुव ओरडला. आता रोज बुडबुडे बघायला मागेल, म्हणून कस्तुरीताई कौतुकानं कुरकुरल्या. ती बुडबुड्यांची गंमत माझी होती, आणि ती दाखवणार होत्या त्या. मी फोन ठेवला आणि ह्यांच्यावर उगाचच ओरडले.

मार्चमध्ये फोन कमी झाले आणि एप्रिलमध्ये थांबलेच.

एवढा उन्हाळा, झाडाला सगळ्यात जास्त जपायचे दिवस, आणि बाईंना एकही प्रश्न पडू नये? मला दोनच शक्यता दिसत होत्या. एक, झाड मेलंय आणि त्या लपवताहेत. दुसरी, त्यांना आता माझी गरज उरली नाही. पहिली खरी असावी अशी मी चक्क इच्छा करत होते. माझ्या हातानं वाढवलेलं झाड होतं ते, तरीही.

शेवटी न राहवून शुभंकरला विचारलं. "झाड? मस्त आहे आई, एकदम!" त्यानं व्हिडिओ पाठवला. चिंच पानांनी गच्च भरली होती. झारी ध्रुवच्या हातात होती आणि त्याच्या हातावर कस्तुरीताईंचा हात. खालून पाणी गळायला लागल्याबरोबर ध्रुव ओरडला, "साकु! आजी, साकु!"

साकु म्हणजे कन्नडात पुरे. कस्तुरीताई निपाणीच्या, त्यांना कन्नड येतं. खालचा सेक्युरिटीवाला, ऑटोवाला, भाजीवाला, सगळ्यांशी त्या घडाघडा बोलतात आणि मी शेजारी पिशवी धरून उभी असते. ते एक वेळ सोसलं. पण माझ्या झाडाला माझा नातू कन्नडात पुरे म्हणतो?

आणि त्याहून वाईट म्हणजे तो 'आजी' म्हणाला होता. पूर्वी तो आम्हाला नागपूरआजी आणि निपाणीआजी म्हणायचा. आता त्यांचं निपाणी गळून गेलं होतं. व्हिडिओच्या शेवटी शुभंकरनं विचारलं, "हे झाड कुणाचं रे?" तर म्हणाला, "नागपूरआजीचं." त्या नुसत्या आजी आणि मी गावाच्या नावासकट! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दुसऱ्याच दिवशी तिकीट बदलून घेतलं आणि मे संपायच्या आत बंगळुरात येऊन थडकले.

"लवकर आलात ते बरं केलंत ओ ताई," कस्तुरीताई दारातच म्हणाल्या. त्या खरंच तसं म्हणत होत्या की टोमणा होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढचे दिवस आम्ही दोघी त्या घरात एकाच ऑफिसातले दोन साहेब असल्यासारख्या वावरलो. त्यांनी ध्रुवला धिरडं भरवलं की अर्ध्या तासानं मी वरणभात घेऊन बसायची. "खाल्लंय ओ त्यानं," त्या म्हणायच्या. "वरणभाताशिवाय जेवण होतं का?" मी म्हणायची. मी अंघोळ घातली की त्या पुन्हा पावडर लावायच्या. पोरगं हुशार. एकीनं बिस्कीट नाही म्हटलं की दुसरीकडे जायचं, आणि दोघीही द्यायचो.

चिंचेचंही तेच झालं. झाड माझं, मी आले म्हणजे पाणी मी घालणार, यात विचारण्यासारखं मला काही वाटलं नाही. सकाळी सगळे उठायच्या आत मी झारी घेऊन बाल्कनीत जायची. आणि संध्याकाळी मी खाली बाकावर बसलेली असताना त्या ध्रुवला घेऊन पाणी घालायच्या. तो त्यांचा रोजचा कार्यक्रम, तो का मोडतील त्या? मला संशय नव्हता असं नाही. पण विचारायचं म्हणजे त्यांना अधिकार आहे असं मान्य करायचं. त्यांनाही तसंच वाटत असणार. शिवाय ध्रुव आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतायचा, ते वेगळंच.

पानं पिवळी पडायला लागली.

बोन्सायमध्ये ही मोठी फसवी गोष्ट असते. पाणी कमी पडलं तरी पानं पिवळी होतात आणि जास्त झालं तरी होतात. म्हणून तर मातीत बोट घालून बघायचं. हे मी गच्चीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंय, फोनवर कस्तुरीताईंना सांगितलंय. पण मला खात्री होती की या बाईंनी उन्हाळाभर झाडाला तहानलेलं ठेवलंय आणि आता त्याची फळं दिसताहेत. त्यामुळे मी बोट न घालताच पाणी वाढवलं. पुढे कळलं, त्यांनीही वाढवलं होतं. त्यांना वाटलं, मी झाडाकडे बघतच नाही आणि त्यांचं एकटीचं पाणी उन्हात पुरत नाही.

शनिवारी सकाळी नाश्त्याला सगळे घरी होते. बाल्कनीत चिंचेखाली पिवळ्या पानांचा सडा पडला होता. ध्रुव ती पानं मुठीत घेऊन आत आला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"बघितलंत?" मी म्हणाले. "चांगलं डौलदार झाड तुमच्या हातात दिलं होतं मी."

कस्तुरीताईंनी हातातलं उलथनं खाली ठेवलं नाही. "माझ्या हातात होतं तोवर एक पान गळलं नव्हतं ओ. व्हिडिओ बघितलाय तुम्ही. तुम्ही आल्यावर गळूलालेत."

"म्हणजे मी मारतेय झाड?"

"मी कुठं म्हटलं? पाणी विसरलं असेल म्हणते."

"विसरेन? रोज सकाळी घालते मी!"

"सकाळी?" त्यांचं उलथनं हवेतच राहिलं. "मी रोज संध्याकाळी घालतेय की."

दोघींनाही त्याच क्षणी कळलं, पण मागे कुणी हटेना. "मग मला विचारायचं होतंत," मी. "तुम्ही सांगायचं होतं," त्या. आवाज चढले. वर्षाचं साचलेलं बाहेर पडलं. साकु निघालं, पावडर निघाली, पायावर झोपवणं निघालं. आणि भांडताना मी सवयीनं ध्रुवच्या तोंडात उपम्याचा घास देत होते, आणि पलीकडून त्या केळ्याचा तुकडा देत होत्या. पोरानं दोन्ही गिळलं, क्षणभर आमच्याकडे बघितलं आणि सगळं सोफ्यावर ओकलं.

मैत्रेयी उठली. तिनं त्याला धुतलं, कपडे बदलले, सोफ्याचं कव्हर मशीनला लावलं. आम्ही दोघी फडकं शोधायला धावलो होतो, तिनं हातानंच नको म्हणून थांबवलं. मग ती येऊन बसली. आवाज अगदी शांत होता.

"आम्ही सांगणारच होतो," ती म्हणाली. "जूनपासून ध्रुवला प्लेस्कूलमध्ये घालतोय. डेकेअरसकट, संध्याकाळी सहापर्यंत. मार्चमध्येच ॲडमिशन घेतली. तुम्हा दोघींची किती धावपळ होते. आता आराम करा."

शुभंकर टेबलावर बोटानं रेघा काढत होता. त्याच्या पाठीत धपाटा घालावा असं मला वाटलं. हीच ती पर्मनंट अरेंजमेंट!

मी कस्तुरीताईंकडे बघितलं. मला वाटलं होतं त्यांना आधीच माहीत असेल. आई-लेकींत असं काही लपत नाही. पण त्यांचा चेहरा बघून कळलं की त्यांनाही नव्हतं सांगितलं. त्या उलथनं धुवायला म्हणून आत गेल्या आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

प्लेस्कूलच्या पहिल्या दिवशी आम्ही सोबत येणार म्हणून दोघीही तयार होऊन बसलो होतो. "तुम्ही आलात तर तो रडेल," मैत्रेयी म्हणाली. ध्रुव नवी बॅग पाठीला लावून तिच्यासोबत लिफ्टमध्ये शिरला. दार बंद होताना त्यानं हात हलवला, पण कोणाला ते कळलं नाही.

घर रिकामं झालं. त्या एका टोकाला बसल्या, मी दुसऱ्या. शेवटी मला बसवेना, म्हणून मी बाल्कनीत पेपर पसरला आणि चिंच कुंडीतून उपटली. कुबट वास आला. खालची मुळं काळी पडली होती, बोटानं दाबली की साल सुटून हातात येत होती. कस्तुरीताई येऊन शेजारी बसल्या. मी कात्री मागितली, त्यांनी दिली. कुजलेलं सगळं कापलं. त्यांनी न सांगता कुंडी घासून पुसून कोरडी केली. भरड माती भरून झाड परत बसवलं तेव्हा चार-दोन पानं काय ती उरली होती.

"आता पाणी?" त्यांनी विचारलं.

"हलकंसं शिंपडायचं फक्त. मग जोपर्यंत माती सुकत नाही तोपर्यंत काही नाही. सावलीत ठेवायचं आणि हात लावायचा नाही."

"जगेल काय ओ?"

"माहीत नाही," मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं.

दिवसभरात दोघींनी एकमेकींना सांगितलं नाही, पण मनात एकच इच्छा होती. पोरानं रडावं. तिथे रडून गोंधळ घालावा आणि शाळेतून फोन यावा की याला घेऊन जा, याला आजी हवी आहे. कोणती आजी, हा विचार त्या दिवशी मी केला नाही, म्हणजे केला, पण पुढे ढकलला. फोन जवळ ठेवून बसले होते मी. त्याही बसल्या होत्या.

फोन आला नाही. संध्याकाळी सगळे आले. मैत्रेयी दारातूनच म्हणाली, "अजिबात रडला नाही! एकदासुद्धा नाही!"

"हो का? छान," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

ध्रुव बूट काढत बडबडत होता. प्रणिता मिसनं गाणं शिकवलं. प्रणिता मिसच्या ओढणीवर मासे आहेत. प्रणिता मिसकडे मोठा लाल बॉल आहे. मी त्याला जवळ ओढायला गेले तर तो निसटून बॅग दाखवायला लागला.

"मिस कन्नड बोलते काय रे राजा?" कस्तुरीताईंनी विचारलं. आवाजात आशा होती.

"नाही. इंग्लिश."

त्यांचं तोंड उतरलं. इतके महिने मी त्या तोंडाच्या उतरण्याची वाट बघत होते. आता ते समोर होतं आणि मला त्यात काही गोडी वाटली नाही. मला फक्त त्या माशांच्या ओढणीवालीचा राग येत होता. कोण कुठली पोरगी, एका दिवसात!

जेवायला बसल्यावर मी वरणभात कालवला. कस्तुरीताईंनी शेजारी तुपाची वाटी आणून ठेवली. त्या दिवशी त्यांनी वेगळं काही केलंच नव्हतं. मी घास उचलला, तर ध्रुवनं ताट आपल्याकडे ओढलं.

"मी माझ्या हातानं. मिस म्हणाली."

तो खायला लागला. अर्धा भात ताटाबाहेर, थोडा शर्टवर, बाकी गालाला. आम्ही दोघी दोन बाजूंना बसून बघत होतो. त्यानं शेवटचा घास गिळला तेव्हा हनुवटीवरून वरण ओघळलं. ते पुसायला आम्ही दोघींनी एकदमच हात पुढे केला. त्यानं एक हात इकडे सारला, एक तिकडे, आणि आपल्या बाहीला तोंड पुसलं.